डायलिसिसमधल्या सिस्टरची बदली

वॉर्डातून उचलून मला एचआरच्या ऑफिसात बसवलं, तेव्हा पहिली अडचण झाली ती हातांची. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात मी इतकी वर्षं काढली होती की रिकामे हात घेऊन बसायचं कसं, हेच मला माहीत नव्हतं. समोर टेबल, कम्प्युटर, डोक्यावर एसी. थोड्या थोड्या वेळानं मी उठायची, बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुवायची आणि परत येऊन बसायची. शेजारच्या टेबलावर पगाराचं काम बघणारी मुलगी होती. तिसऱ्यांदा मी उठले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, हाताला काही लागलंय का?"

मॅडम. काल संध्याकाळपर्यंत मी सिस्टर होते.

मी मूळची पिशोरची. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात शिकायचं की नाही यावर कधी वाद झाला नाही. वाद झाला तो काय शिकायचं यावर. वडिलांना वाटायचं मी शाळेत मास्तरीण व्हावं. पण मी लहान असताना आईला तालुक्याला कन्नडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा तिथल्या एका सिस्टरनं वडिलांना "बाहेर थांबा" म्हटलं, आणि वडील मुकाट्यानं बाहेर जाऊन थांबले. आमच्या वडिलांना कुणी असं सांगू शकतं, हे मी पहिल्यांदाच बघत होते. नर्सिंग शिकायचं माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं असावं.

तर हॉस्पिटल. शहरातलंच एक खासगी, फार मोठं नाही, फार लहानही नाही. तिथं सिस्टर टिकत नव्हत्या. कुणी पुण्याला जायची, कुणी सरकारी जागा लागली म्हणून सोडायची, कुणी लग्न झालं म्हणून, आणि पुष्कळजणी काहीच न सांगता यायच्या बंद व्हायच्या. मालक डॉक्टरांनी मग वाळूजच्या एका पंख्यांच्या कारखान्यातून एचआरचे साहेब आणले. माणूस वाईट नव्हता. तिथं त्यांनी कामगारांचं सगळं मार्गी लावलं होतं म्हणे. इथं आल्यावर पहिले काही दिवस ते नुसते वॉर्डावॉर्डांतून फिरले. मग एक दिवस मला बोलावून म्हणाले, "सिस्टर, मला माणसं कळतात, वॉर्ड कळत नाही. तुम्हाला वॉर्ड कळतो. माझ्याबरोबर काम कराल का?"

मला वॉर्ड कळतो का, हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता. मी घरी येऊन विचारलं. माझे मिस्टर औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात काम करतात. गिऱ्हाईक काय घेणार हे ते गिऱ्हाइकाच्या चपलेवरून सांगतात, पण माझ्या नोकरीबद्दल विचारलं की त्यांचा एकच प्रश्न असतो. "दिवसाची ड्यूटी मिळती का?"

"मिळती."

"मग त्यात विचार काय करायलीस?"

अशी मी एचआरमध्ये गेले.

साहेबांनी आल्या आल्या प्रत्येक विभागाच्या दाराशी एक छोटं मशीन लावलं होतं. त्यावर तीन चेहरे. हसरा, साधा आणि रडका. पेशंटनं किंवा नातेवाइकानं जाताना एक दाबायचा. महिनाअखेरीला साहेब ते सगळं पडद्यावर दाखवायचे. मेडिकल वॉर्ड मध्यम, प्रसूती वॉर्ड बरा, आणि डायलिसिस सगळ्यांत खाली. रडक्या चेहऱ्यांनी भरलेलं.

डायलिसिसमध्ये माझी मैत्रीण होती. नर्सिंगच्या होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहिलेल्या. ती जालन्याकडची. उंच, सावळी, बोलायला अगदी मोजकी. होस्टेलवर ती अशी नव्हती, पण डायलिसिसला लागल्यापासून तिचं तोंड मिटत गेलं, असं मला वाटायचं. पेशंट आला की वजनकाट्याकडं बोट. वजन जास्त दिसलं की, "पाणी कमी प्यायचं सांगितलं होतं ना? मग? आता त्रास कुणाला होणार, मला का तुम्हाला?" हातात सुया टाकायच्या, नळ्या जोडायच्या, मशीन चालू करायचं आणि पुढच्या खाटेकडं. हसणं नाही, चौकशी नाही. रडके चेहरे दाबणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं. काम चोख, पण बाई कडक.

आणि इतर वॉर्डांतल्या सिस्टरांची तक्रार निराळी. डायलिसिसला रात्रपाळी नाही, रविवार मोकळा. त्याच त्या सिस्टर वर्षानुवर्षं तिथं. "आम्ही काय पाप केलंय?" असं त्या म्हणायच्या. मीसुद्धा वॉर्डात असताना हेच म्हणत आले होते, आणि मला ते खरंच अन्यायाचं वाटायचं. म्हणून साहेबांनी जेव्हा ठरवलं की आता सगळ्यांची आळीपाळीनं बदली करायची, कुणीही एका जागी चिकटून राहायचं नाही, तेव्हा मी मीटिंगमध्ये जोरात बाजू घेतली. म्हटलं, "सगळ्यांना सगळं काम आलं पाहिजे, सर. आणि सगळ्यांना रविवार पण मिळाला पाहिजे."

मेट्रन मॅडम समोर बसल्या होत्या. आमच्या हॉस्पिटलच्या सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, "मशीनवर हात बसायला वेळ लागतो. आणि पेशंटचाही सिस्टरवर जीव बसायला वेळ लागतो."

साहेब पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मॅडम, जीव बसलाय असं इथं तरी दिसत नाहीये."

मलाही त्या वेळी साहेबांचंच पटलं.

मैत्रिणीला सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी डायलिसिसमध्ये गेले. तीन मशीनं एकाच वेळी चालू होती आणि एक टीं टीं वाजत होतं. मी म्हटलं, "अगं, तुझी बदली केलीय. प्रसूती वॉर्डात."

तिनं वाजणारं मशीन बंद केलं, नळीचा पीळ सोडवला. "कधीपासून?"

"सोमवारपासून."

"बरं."

एवढंच. तिला राग आला, वाईट वाटलं, का बरं वाटलं, मला काही कळलं नाही. मी घरी गारखेड्याला येईस्तोवर स्कूटीवर तोच विचार करत होते. त्या 'बरं'चा अर्थ काय लावायचा? वॉर्डात असते तर मी तिला चहाला नेलं असतं आणि खोदून विचारलं असतं. पण आता मी बदली करणारी होते. बदली करणारीनं चहाला नेऊन विचारायचं असतं का, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

काही आठवड्यांनी मी प्रसूती वॉर्डात काहीतरी निमित्तानं गेले. दारातच थांबले. माझी मैत्रीण एका बाळाला अंघोळ घालून पुसत होती आणि गुणगुणत होती. बाळ बेंबीच्या देठापासून ओरडत होतं आणि ही त्याला म्हणत होती, "रड, रड, लई चांगला आवाज हाय तुझा. पुढारी होणार तू." शेजारच्या खाटेवरची बाळंतीण पोट धरून हसत होती. "सिस्टर, नका हसवू, टाके दुखत्यात."

मी होस्टेलनंतर तिला गुणगुणताना ऐकलंच नव्हतं.

तिनं मान वर करून पाहिलं. "काय बघायलीस?"

"काही नाय. ही तूच का, बघायले."

"मीच. दुसरी कोण असणार?" म्हणाली आणि बाळाला दुपट्यात गुंडाळायला लागली.

प्रसूती वॉर्डाच्या मशीनवर हसरे चेहरे वाढले. साहेब खूश. डायलिसिसमध्ये दोन तरुण सिस्टर पाठवल्या होत्या. त्यांना आधी नीट शिकवून, मगच मशीनवर उभं केलं होतं. दोघी गोड बोलायच्या. काका, मावशी, कसं वाटतंय, उशी देऊ का. तिथलेही हसरे चेहरे वाढले. साहेबांनी मीटिंगमध्ये मला शाबासकी दिली. मला वाटलं, झालं, हे काम मला जमलं म्हणायचं.

त्यानंतर एक माणूस वर आमच्या ऑफिसात आला.

निवृत्त एसटी ड्रायव्हर. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचा. बारीक झालेला, पण आवाज अजून खणखणीत. मैत्रिणीबद्दल सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच्याच होत्या. मालक डॉक्टरांपर्यंत जाऊन त्यानं सांगितलं होतं की ही बाई माणसाला माणूस समजत नाही. तो एका हातावर पट्टी, दुसऱ्या हातात पिशवी, अशा अवतारात माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"बदल्या तुम्ही करता का?"

"बसा काका. काय झालं?"

"आमची सिस्टर कुठं पाठवली?"

"कोणती?"

"ती उंच. कडक."

मी चाट पडले. "काका, तुम्हीच तर तिची तक्रार केली होती ना?"

"व्हय, केली होती. मी बायकोची पण तक्रार करतो. म्हणून काय बायको बदलून देणार का तुम्ही?"

पगाराचं काम बघणारी मुलगी हसली. मलाही हसू आलं, पण त्याला हसायचं नव्हतं. तो खुर्चीवर बसला आणि पिशवीचे बंद गुंडाळत राहिला.

"नवीन पोरी वाईट काम करतात का?" मी विचारलं.

"नाय हो. पोरी चांगल्या हैत. सुई पण नीट टाकत्यात."

"मग बोलण्यात काही?"

"बोलणं तर लई गोड." त्यानं पिशवी मांडीवर घेतली. "त्याचंच तर भ्या वाटतं."

"म्हणजे?"

"असं बघा बाई. माझा मोठा भाऊ शेवटी अंथरुणाला लागला, तेव्हा घरात सगळे त्याच्याशी गोड बोलायला लागले. कधी न बोलणारे पण. त्याला काय ते कळलं. आता ह्या पोरी मला म्हणत्यात, काका, आज किती छान दिसताय. मी छान दिसतोय का? बघा माझ्याकडं." त्यानं तोंड पुढं केलं. "ती म्हणायची, किती पाणी ढोसलं काल? मला असा राग यायचा! पण मला वाटायचं, ही अजून भांडायली आपल्याशी, म्हणजे आपलं अजून काहीतरी राहिलंय. जो जाणार असतो त्याच्याशी कोण कशाला भांडेल?"

मी विचारलं, "मग बाहेरच्या मशीनवर तुम्ही हल्ली कोणता चेहरा दाबता?"

"हसराच दाबतो की. पोरींच्या पोटावर कशाला पाय द्यायचा?"

तो गेल्यावर मी साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "एका पेशंटचं मत आहे हे. ट्रेंड बघा." पण मग दुसरे एक-दोघे आले. डायलिसिसला येणाऱ्या एका बाईचा मुलगा आला, तोही माझ्या मैत्रिणीबद्दल विचारत होता. दोन पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलला जायला लागले. तिथं काय जास्त चांगलं आहे म्हणून फोन केला, तर म्हणाले, काही नाही, असंच. मशीनवरचे चेहरे मात्र हसतच होते. साहेब एकदा माझ्यासमोर चष्मा काढून डोळे चोळत म्हणाले, "कारखान्यात असं नव्हतं हो. पंख्याचं पातं वाकडं आलं तर ते वाकडंच असायचं."

शेवटी त्यांनी ठरवलं, तिला परत डायलिसिसला पाठवायचं. मला म्हणाले, "तुमची मैत्रीण आहे. तुम्ही बोला."

मला वाटलं होतं ती खूश होईल. निदान आतून तरी. पेशंट स्वतःहून तुला मागतायत, असं सांगितल्यावर कोणती सिस्टर खूश होणार नाही? मी ह्या वेळी तिला कॅन्टीनमध्ये नेलं, समोर पोहे ठेवले आणि सगळं सांगितलं. ड्रायव्हरकाकांचं बायकोचं बोलणंही सांगितलं.

तिनं चमचा खाली ठेवला. "मी नाय जायची."

"का? तिथं रात्रपाळी नाय, रविवार मोकळा—"

"तू पण तेच बोलायलीस." ती माझ्याकडं बघत राहिली. "सगळ्या मला म्हणायच्या, तुझी मजा आहे, तुझी मजा आहे. त्यामुळं मला कधी म्हणता पण आलं नाय की मला इथून काढा. म्हटलं असतं तर म्हणाल्या असत्या, हिला सुख बोचायला लागलं."

"तुला तिथून निघायचं होतं?"

"लई वर्षांपासून."

मी पुढं सरकून बसले.

ती म्हणाली, "वॉर्डात पेशंट येतो, बरा होतो, घरी जातो. नाय झाला तरी आपल्याला त्याचा चेहरा चार-सहा दिवसांचाच माहीत असतो. तिथं तसं नाय. तिथं तो येतच राहतो. त्याच्या पोरीचं लग्न ठरलेलं आपल्याला माहीत असतं, त्याच्या म्हशीला काय झालं ते माहीत असतं. अन् मग एका दिवशी त्याची खाट रिकामी दिसते, अन् कुणीतरी म्हणतं, ते नाय येणार आता. तसं दोन-तीनदा झालं, मग मी विचारायचंच बंद केलं. म्हशीचं नाय, पोरीचं नाय. नुसतं पाणी किती पिलं, वजन किती वाढलं. तेवढं विचारायचं अन् पुढं जायचं."

"आणि त्या ड्रायव्हरकाकांना वाटतं तू त्यांच्याशी भांडतेस म्हणून..."

"त्यांना काय वाटतं ते मला काय माहीत? मी लांब राहायला बघत होते." ती जरा वेळानं म्हणाली, "तो म्हातारा असं म्हणाला?"

"व्हय."

तिनं पोह्यांतली मिरची बाजूला काढली आणि खाल्लंच नाही.

मी ऑफिसात परत आले ती पार गोंधळून. आम्ही तिला बक्षीस काढून घेतल्यासारखी हलवली होती आणि तिची सुटका झाली होती. आता सन्मान म्हणून परत बोलवत होतो आणि तिला ती शिक्षा वाटत होती. पेशंटला जी माया वाटली, ती तिच्या लेखी माया टाळण्याची धडपड होती. ह्यात चांगलं काम कोणतं? हसत होती ते, की रागावत होती ते? मी साहेबांना सांगितलं की ती तयार नाही आणि का नाही. मेट्रन मॅडमही तिथंच होत्या. मला वाटलं त्या 'मी आधीच म्हटलं होतं' असं म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं तिला तिथंच आवडतं. मी तिच्याच बाजूनं बोलत होते की त्या दिवशी!"

साहेब बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. मग म्हणाले, "तरी पेशंट पहिले. पाठवावं लागेल."

आणि ती गेली. मला वाटलं होतं राजीनामा देईल, माझ्याशी बोलायची बंद होईल. यातलं काही झालं नाही. सोमवारी सकाळी ती डायलिसिसला हजर झाली.

पुढच्या आठवड्यात ड्रायव्हरकाका पुन्हा माझ्या टेबलासमोर. ह्या वेळी चेहरा उतरलेला. मी घाबरून उठले. "काय झालं काका? परत आली ना तुमची सिस्टर?"

"आली." त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगा बाई. माझे रिपोर्ट वाईट आलेत का?"

"नाही हो. का?"

"ती पण गोड बोलायली. काल मला म्हणली, काका, नातू कसा हाय? आजवर तिनं कधी नातवाचं विचारलं नाय. अन् हसली पण. मी रात्रभर झोपलो नाय. म्हटलं, हिला पण काहीतरी कळलेलं दिसतंय."

मी त्याला घेऊन खाली डायलिसिसमध्ये गेले. डॉक्टर तिथंच होते. त्यांनी सांगितलं की रिपोर्ट आधी होते तसेच आहेत, वाईट काही नाही. तरी त्याचा विश्वास बसेना. मग माझी मैत्रीण हातमोजे काढत जवळ आली. मी तिला बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. तिनं डोक्याला हात लावला. मग त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला काय नाय झालं. मला झालंय. मी चार महिने लेकरांच्या वॉर्डात होते, तिथं मला बोलायची सवय लागली. आता ती जाईना."

"मग पहिल्यासारखं बोल की."

"पहिल्यासारखं बोलायला मला आवडत नव्हतं."

"मला कुठं आवडत होतं?" तो म्हणाला. "पण सवय झाली ना."

शेवटी तिनं वजनकाट्याकडं बोट केलं. तो चढला. तिनं आकडा बघितला आणि म्हणाली, "हे काय? किती पाणी पिलात? लग्नाला गेला होता का कुठं?"

"गेलो होतो."

"तिथं सरबत पिलं?"

"एकच गिलास."

"एका गिलासानं एवढं वजन वाढतं का? मला शिकवता?"

तो निमूटपणे खाटेवर जाऊन पडला. तिनं सुई टाकली आणि मग, तोंड त्याच्याकडं न करता, विचारलं, "लग्न कुणाचं होतं?" तो सांगायला लागला. मी तिथून निघाले. माझ्या लक्षात एवढंच आलं की माझी तिथं काही गरज नव्हती.

ह्यानंतर मेट्रन मॅडमनी स्वतःच एक मार्ग काढला. नियमात तो बसत नव्हता, पण साहेबांनी डोळेझाक केली. मैत्रिणीनं आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसला जायचं आणि बाकीचे प्रसूती वॉर्डात काढायचे. तिला चाललं. ड्रायव्हरकाकांना चाललं, कारण त्यांचे दिवस तेच होते.

बाकीच्यांना मात्र चाललं नाही. तिला दोन वॉर्ड, मग आम्हाला का नाही, म्हणून माझ्या टेबलाशी रांग लागली. एकीला आयसीयूतून निघायचं होतं, कारण मॉनिटरचा आवाज तिच्या कानात घरी पण वाजायचा. दुसरीला आयसीयूतच जायचं होतं, कारण तिथं नातेवाईक आत येत नाहीत. डायलिसिसमधल्या दोन गोड बोलणाऱ्या सिस्टरांपैकी एक रडायला लागली. तिला तिथून काढणार होतो. "आत्ता कुठं मला ते मशीन कळायला लागलं होतं, मॅडम." मी प्रत्येकीचं ऐकून घेतलं. सगळ्यांचं जमवता आलं नाही. जिचं जमलं तिनंही काही दिवसांनी येऊन सांगितलं की तिला वाटलं होतं तसं ते नाही.

आणि एवढं सगळं होऊन, त्या वर्षी सोडून जाणाऱ्या सिस्टर कमी झाल्या. मालक डॉक्टर खूश. जालना रोडवरच्या एका हॉटेलात शहरातल्या हॉस्पिटलवाल्यांची बैठक होती, तिथं आमच्या साहेबांना बोलायला बोलावलं. विषय होता, कर्मचारी टिकावेत आणि त्यांनी चांगलं काम करावं यासाठी काय करायचं. ते मला म्हणाले, "तुम्ही मला मुद्दे द्या. आपल्याकडं नेमकं कशानं जमलं?"

मी दोन दिवस विचार केला. "सर, मला माहीत नाही."

"अहो, संकोच कसला? तुमचंच काम आहे हे."

"संकोच नाही, सर. खरंच मला माहीत नाही."

त्यांनी स्वतःच तयारी केली. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. ते चांगलं बोलले. कर्मचाऱ्याचं ऐका, त्याला वाढायला वाव द्या, पेशंटचा कौल घ्या. यात चुकीचं काही नव्हतं. ते जे जे म्हणाले ते आमच्याकडं झालंही होतं. पण ऐकताना मला वाटत राहिलं, हे आमच्या हॉस्पिटलचं नाही, दुसऱ्या कुठल्यातरी हॉस्पिटलचं चाललंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण जिन्यात भेटली. मी तिला विचारलंच. "तुला डायलिसिसला परत पाठवलं तेव्हा मला वाटलं होतं तू सोडून जाशील. का नाही गेलीस?"

तिनं अशा नजरेनं पाहिलं की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"पोराची शाळा इथं हाय. घर जवळ हाय. कुठं जाऊ?"

"एवढंच?"

"अजून काय असतं?"

"आणि ते हसायला, बोलायला लागलीस ते? ते कशानं?"

ती कठड्याला टेकली. "ते मला पण नीट कळलेलं नाय," ती म्हणाली. "लेकरांमुळं म्हणावं, तर आता म्हाताऱ्यांशी पण बोलते. म्हाताऱ्यामुळं म्हणावं, तर मी आधी हसले, मग तो घाबरून तुझ्याकडं आला. एचआरमध्ये तू हाईस. तूच सांग की."

मी काही सांगणार, त्याच्या आत वरच्या मजल्यावरून कुणीतरी तिला हाक मारली. लेबर रूममध्ये बाई आणली होती. ती दोन-दोन पायऱ्या चढत गेली. मी तिथं थोडा वेळ उभी राहिले, मग ऑफिसात आले. माझ्या खुर्चीसमोर मॉनिटरच्या आवाजामुळं आयसीयूतून निघालेली ती सिस्टर येऊन बसलेली होती. तिला परत आयसीयूमध्ये जायचं होतं.